आधी खोरं ओळखा, मग सायकल काढा

डावा पंजा टेबलावर पालथा ठेवा. मनगट घाटमाथ्यावर, बोटं पुण्याच्या दिशेला. बोटं म्हणजे सह्याद्रीतून पूर्वेकडे उतरत आलेल्या डोंगररांगा आणि बोटांमधल्या फटी म्हणजे खोरी. प्रत्येक फटीत एक नदी आहे: इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, मोसे, आंबी. पवन मावळ, पौड खोरं, मुठे खोरं, मोसे खोरं ही शिवकाळातली नावं याच फटींची. ग्रॅव्हल सायकलिंग, म्हणजे कच्च्या मुरमाच्या वाटांवरचं सायकलिंग, सुरू करू पाहणाऱ्याला मी सायकलच्या दुकानात पाठवण्याआधी या पंजाकडे बघायला लावतो, कारण कुठली राइड सोपी आणि कुठली घाम काढणारी हे इथंच कळतं.

एकाच खोऱ्यात राहिलात, तर चढ सौम्य असतो. खोरं बदलायचं ठरवलंत की मध्ये रांग आडवी येते, आणि रांग ओलांडायची म्हणजे खिंड चढायची. नवशिका विचारतो, "किती किलोमीटर?" विचारायला हवं, "वाटेत खिंडी किती?" बिनखिंडीचे ५० किलोमीटर पहिल्याच महिन्यात होतात. दोन खिंडींचे ३० कधी कधी सहाव्या महिन्यातही होत नाहीत.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आपल्या नद्या पश्चिमेकडून पूर्वेला येतात, म्हणून खोऱ्यात शिरताना हलका चढ आणि परतताना हलका उतार. फेब्रुवारीनंतर दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना नदीच्या वरच्या अंगाला जायचं आणि नंतर वारा पाठीशी घेऊन उतरायचं. उशिरा निघालात तर चढही समोर आणि वाराही तोंडावर.

ग्रॅव्हल म्हणजे आपला मुरूम

शब्द नवीन, रस्ता जुना. परदेशात ज्याला ग्रॅव्हल म्हणतात तो नीट दाबलेला बारीक खड्यांचा रस्ता असतो. आपल्याकडे बेसॉल्ट झिजून झालेला मुरूम असतो, आणि तो दर शंभर मीटरला स्वभाव बदलतो. चाकाखाली काय आहे ते ओळखायला शिकणं हा निम्मा खेळ आहे.

दाबलेला मुरूम सगळ्यात छान. लालसर तपकिरी, वर बारीक चुरा, खाली घट्ट. त्यावर सायकल डांबराइतकीच पळते, फक्त वळणावर वेग आधी कमी करायचा. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला तर पुढचं चाक निसटतं.

सुटी खडी म्हणजे रस्त्याचं काम चालू आहे आणि ठेकेदार सध्या दुसऱ्या गावात आहे. यावरून सायकल हाकण्यात मर्दुमकी नाही. शंभर-दोनशे मीटर असेल तर सरळ उतरून चाला. मी चालतो.

चाकोरी हा शब्द आपण लाक्षणिक अर्थानेच वापरून गुळगुळीत केलाय, पण ट्रॅक्टरच्या खऱ्या चाकोरीत एकदा चाक गेलं की मूळ अर्थ लख्ख कळतो. चाकोरीत असताना हँडल तिरकं करून बाहेर यायचा प्रयत्न करू नका. चाक कडेला घासतं आणि तुम्ही आडवे होता. एक तर चाकोरीतूनच शेवटपर्यंत जा, नाही तर थांबून सायकल उचला. शक्य असेल तिथं दोन चाकोऱ्यांमधल्या गवताच्या पट्ट्यावरून चालवा, पण त्या गवतात दगड लपलेले असतात.

फुफाटा उन्हाळ्यात, डंपर जाणाऱ्या रस्त्यांवर. पिठासारखी मऊ धूळ, खाली काय आहे ते दिसत नाही. हलका गिअर, सारखं पेडल, हँडलवरची पकड सैल. काळी माती मात्र ओली असताना पूर्ण वर्ज्य. ती टायरला चिकटते, मग फ्रेम आणि टायरच्या फटीत भरते, मग चाक फिरायचंच थांबतं. पुढे सायकल तुम्हाला नेत नाही, तुम्ही सायकलला खांद्यावर नेता.

सायकल कोणती

पहिल्या तीन-चार राइडसाठी ग्रॅव्हल बाईक विकत घेऊ नका. घरातली एमटीबी (डोंगरवाटांची जाड टायरची सायकल) चालेल, जाड टायरची हायब्रिडही चालेल. टायरची रुंदी निदान ३८ ते ४० मिलिमीटर हवी, एवढीच अट. रोड बाईकच्या २५ किंवा २८ च्या टायरवर मुरमात जाणं म्हणजे कोल्हापुरी घालून तोरणा चढणं: जमतं काहींना, पण का?

नंतर खरंच गोडी लागली आणि घ्यायचीच ठरवलीत, तर रंग आणि फ्रेमच्या आधी गिअर बघा. पुढच्या चक्राला ४० दात असतील तर मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला निदान ४० हवेत. आपल्या खिंडींच्या चढावर हा एकास एक गिअर नसेल तर गुडघे बोलायला लागतात. डिस्क ब्रेक हवेतच. फ्रेममध्ये ४५ मिलिमीटरचा टायर बसेल एवढी जागा असली तर उत्तम.

हवेचा दाब हा नवशिक्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा. "टायर कडक असला की पंक्चर होत नाही" हे आपल्या लहानपणीच्या सायकलचं शहाणपण इथं उलटं पडतं. कडक टायर मुरमावर उड्या मारतो, पकड सोडतो, हाताला मुंग्या येतात. साधारण ७० किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ट्यूब असेल तर ४० ते ४५ पीएसआय, ट्यूबलेस असेल तर ३२ ते ३८ पासून सुरुवात करा. वजन जास्त असेल तर थोडा वाढवा. ट्यूब असताना फार कमी केलात तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चेमटते आणि सापाने चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

आणि काटे. बाभळीचा काटा हा इथल्या सायकलस्वाराचा जन्माचा सोबती. कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या वाटेवर पसरतात आणि एका फेरीत पाच-सहा काटे सहज रुततात. म्हणून पुढेमागे ट्यूबलेस करून घ्याच. आतलं पातळ औषध बारीक भोकं आपोआप बुजवतं. दर तीन-चार महिन्यांनी ते बदलायचं, कारण आपल्या उन्हात ते लवकर सुकतं.

वाट शोधायची कशी

निसर्गरम्य खोऱ्यातून अखंड ५० किलोमीटर मुरूम, असं पुण्याजवळ आता मिळत नाही हे आधीच सांगतो. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, वाड्यावस्त्यांपर्यंत डांबर गेलं, आणि ते चांगलंच झालं. तिथल्या बाईला दवाखान्यात लवकर पोचता येतं, आपल्या हौसेपेक्षा ते मोठं. म्हणून इथली राइड अशी आखायची: मुख्य धागा डांबरी, आणि त्यावर मुरमाचे छोटे छोटे फाटे.

उपग्रहाच्या चित्रात खोरं उघडा. डांबर करडं दिसतं, मुरूम तांबूस किंवा फिकट. गावठाणातून निघून खाचरांमधून जाणारी, नदीकाठच्या वस्तीला टेकून पुन्हा मुख्य रस्त्याला मिळणारी तांबूस रेघ शोधा. पहिल्या राइडला असे दोन किंवा तीन फाटे पुरे, प्रत्येक तीन किलोमीटरच्या आतला. एखादा बंद निघाला तर परत फिरून डांबरावर यायला दहा मिनिटं लागतात, दिवस वाया जात नाही.

ॲपवरच्या रेघेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मी ठेवला होता. मुळशीच्या बाजूला एक सुरेख रेघ नदीकाठाने जात होती, आणि ती एका फार्महाऊसच्या कुलूपबंद फाटकाशी संपली. आतून राखणदार आला आणि शांतपणे म्हणाला, "काका, इकडून वाट नाय. मॅप चुकतोय. रोज येतात चार जण." मग सायकल खांद्यावर घेऊन, कापलेल्या भाताच्या धसकटांतून बांधाबांधाने बाहेर. पायांवरचे ओरखडे आठवडाभर.

त्यापेक्षा माणसाला विचारा, पण प्रश्न नीट विचारा. "मामा, ही वाट पुढं निघते का?" या प्रश्नाला मावळात एकच उत्तर आहे: "निघते की!" सायकल जाईल का विचाराल तर, "माणूस जातो, तर सायकल का नाय जायची?" माणूस बैलामागून ओढा उडी मारून पार करतो, हे त्यात गृहीत असतं. म्हणून विचारा, "ट्रॅक्टर जातो का?" ट्रॅक्टर जात असेल तर तुम्ही जाल. नुसती मोटरसायकल जात असेल तर थोडं ढकलावं लागेल. नुसती गुरं जात असतील तर ती वाट पुढच्या वर्षासाठी ठेवा. आणि "हितंच, पलीकडं" म्हणजे एकापासून सहा किलोमीटरपर्यंत काहीही.

पहिली राइड: पौड ते हाडशी

सुरुवातीला माझी पसंती कोळवण खोऱ्याला. पुण्याच्या चांदणी चौकातून पौड साधारण २० किलोमीटर, पण हा रस्ता गर्दीचा, पिरंगुटच्या कारखान्यांचे ट्रक आणि डंपर त्यावर सतत. सायकलवरूनच जायचं असेल तर पाचला घर सोडा. नाही तर सायकल गाडीला बांधून पौडला आणा. यात कमीपणा काही नाही, ताकद मुरमासाठी राहते.

पौडमध्ये चहा घ्या, मुळशीचा हमरस्ता सोडा आणि उजवीकडे कोळवणच्या रस्त्याला लागा. इथून ट्रक गायब होतात. खोऱ्यातून वाहते वळकी नदी, पुढे ती मुळेला मिळते. दोन्ही बाजूंना भातखाचरं. ऑक्टोबरअखेर आलात तर इंद्रायणी तांदूळ कापणीला आलेला असतो आणि तो वास अख्ख्या खोऱ्यात असतो. रस्ता वरखाली होतो पण दम काढत नाही. कोळवणच्या आसपास चिन्मय विभूतीचा परिसर लागतो, पुढे हाडशीचं विठ्ठल मंदिर. तिथं परत फिरा. आखलेले दोन-तीन मुरमाचे फाटे जाताना नाही, येताना घ्या. तोवर अंग मोकळं झालेलं असतं आणि उतार तुमच्या बाजूला असतो.

या राइडमध्ये वेग मोजू नका. तीन गोष्टींचा सराव करा. एक, नजर चाकापुढे नाही, दहा-पंधरा मीटर लांब. दगडाकडे बघितलंत की सायकल दगडाकडेच जाते. दोन, कोपरं किंचित वाकलेली, हात सैल. तीन, मुरमाच्या चढावर उभं राहू नका. उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जागेवर गरगरतं. बसून, हलक्या गिअरमध्ये, सावकाश. आणि गिअर चढ लागायच्या आधी बदला, मध्यावर करकर वाजवत नाही. उतारावर पेडल आडवी समांतर ठेवा, बूड थोडं मागे सरकवा, ब्रेक दोन्ही पण पुढचा जपून.

दुसरी आणि तिसरी: पवन मावळ

पहिली राइड दोनदा झाली की हाडशीच्या पुढे जा. एक चढ, आणि पलीकडे उतरलात की पवनेचं खोरं. समोर तिकोना किल्ला. ही तुमची पहिली ओलांडणी. तिकोना पेठेत पोहे खाऊन त्याच वाटेनं परत. परतीचा चढ आता तुमच्या पायांना आहे हे जाताना विसरू नका.

त्यानंतर पवनेच्या जलाशयाकाठची राइड, माझ्या मते पुण्याजवळची सर्वांत देखणी. पवनानगरहून तिकोना पेठ, तिथून चावसर, मोरवे करत तुंगच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि परत. डावीकडे डोंगर, उजवीकडे पाणी, मागे तिकोना, पुढे तुंगचा सुळका, आणि पाण्यापलीकडे लोहगड-विसापूर. रस्ता सारखा वरखाली होतो, मोठा घाट एकही नाही, पण छोट्या चढांची बेरीज पायांत उतरते. तुंगच्या पुढे रस्ता घुसळखांबला लोणावळ्याच्या रस्त्यावर निघतो. तो चढ पहिल्याच वेळी घेऊ नका.

दिवाळीनंतर जलाशयाचं पाणी उतरायला लागतं. उन्हाळ्यात एरवी पाण्याखाली असणारं वाघेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं. उघड्या पडलेल्या तळावर सायकल घालायचा मोह होतो, कारण वरून ती जमीन भेगाळलेली आणि टणक दिसते. पापुद्र्याखाली गाळ असतो. काठावर सायकल ठेवा आणि चालत जा.

शनिवार-रविवारी इथं तंबूवाल्यांची गर्दी असते, आणि रविवारी सकाळी रात्रभर जागलेली मंडळी गाड्या घेऊन परत निघतात. वळणावर आपली बाजू अजिबात सोडू नका. जमलं तर मधल्या वारी जा.

दक्षिण पुण्यात राहणारे म्हणतील, आम्हाला खडकवासला-पानशेत जवळ. जवळ आहे, पण सुटीच्या दिवशी तो सायकलचा रस्ता नाही, कणसं आणि भज्यांच्या गाड्यांचा आहे. मुठेच्याच खोऱ्यात जायचं तर पिरंगुटहून मुठा गाव, लवार्डे करत टेमघर धरणापर्यंत जा आणि भिंतीच्या अलीकडूनच परत फिरा. भिंतीनंतरचा घाट नवशिक्यासाठी नाही.

मग कधीतरी: लोणावळा ते ताम्हिणी

वर्षभर चालवून झाल्यावर, सोबतीला दोन अनुभवी माणसं घेऊन. लोणावळ्याहून आंबवणे, कोरीगड मागे टाकून सालतर खिंड, मग भांबुर्डे, घनगडाच्या खालून पिंपरी, निवे आणि ताम्हिणी. ही राइड खोऱ्यातून नाही, मनगटावरून जाते, घाटमाथ्याच्या कडेकडेने. उजव्या हाताला मध्येच जमीन संपते आणि खाली कोकण दिसतं. रस्ता कुठे डांबरी, कुठे उखडलेला, कुठे नुसती खडी. दुकानं तुरळक, फोनला रेंज नाही.

या वाटेवर मुळशीचं पाणी लागतं. मुळा नदी स्वभावाने पूर्वेला जाणारी, पण टाटांच्या धरणाने अडवलेलं तिचं पाणी पश्चिमेला वळवून खाली भिऱ्याला वीज करायला सोडतात. याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला. काठावर बसून चिक्की खाताना, या पाण्याखाली गावं आहेत हे आठवतं.

केव्हा जायचं, काय न्यायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. पाऊस थांबल्यावर आठ-दहा कोरडे दिवस जाऊ द्या, मग मुरूम बसतो. जून ते सप्टेंबर मुरमाचे फाटे बंद समजा, डांबरावर भिजायला खुशाल जा. पण ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी थांबायचं. मार्चपासून दहाच्या आत परत फिरा. डोंगरावर वणवा दिसला तर त्या बाजूचा फाटा सोडा.

पाणी माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. धरणाचं पाणी बाटलीत भरू नका. खायला राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे, आणि ओआरएसची दोन पाकिटं. दोन ट्यूब (ट्यूबलेस असलं तरी), पंप, टायर काढायच्या पट्ट्या, ट्यूबलेसचं भोक बुजवायच्या वाती, पाना-संच, साखळीची जोडकडी, आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा. टायर फाटला तर हा तुकडा आतून लावून घरी येता येतं. गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोटरसायकलचा नळ असतो, तुमच्या सायकलचा बारीक व्हॉल्व्ह त्याला बसत नाही. म्हणून छोटं पितळी अडॅप्टर व्हॉल्व्हवर लावूनच ठेवा. हेल्मेट तर आहेच. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कुठल्या खोऱ्यात चाललोय आणि किती वाजता रेंजमध्ये येऊ ते घरी सांगा. आपत्कालीन क्रमांक ११२, रुग्णवाहिका १०८.

गुरं समोरून आली तर सायकलवरून उतरून, सायकल मध्ये धरून, कडेला उभे राहा. म्हैस सायकलला बुजते, गुराख्याला नाही. कुत्रं मागे लागलं तर पळवू नका, थांबा आणि सायकल मध्ये घ्या, बहुतेक वेळा त्याचा उत्साह संपतो. खाचराच्या बांधावरून सायकल नेऊ नका, बांध ढासळला की शेतकऱ्याचं पाणी जातं. लावलेलं फाटक उघडून गेलात तर पुन्हा लावा. घरासमोरून जाताना "राम राम" म्हणा. परतताना त्याच घरी पाणी मागायची वेळ येते.

घरी आल्यावर

सायकलवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. ओल्या फडक्याने पुसा, साखळी कोरड्या फडक्यातून फिरवा आणि मग एकेका कडीला एकेक थेंब तेल. जास्त तेल लावलंत तर पुढच्या राइडला मुरमाची धूळ त्यावर बसून तिचं सँडपेपर होतं. शेवटी दोन्ही चाकं सावकाश फिरवून बोटाने काटे शोधा. ट्यूब असेल तर प्रत्येक काटा चिमट्याने आजच काढा, उद्या तो आत गेलेला असतो. ट्यूबलेस असेल तर काटा काढला की भोक खालच्या बाजूला येईल असं चाक धरून मिनिटभर थांबा, औषध तिथं गोळा होऊन भोक बुजतं. मग हवा भरा.